सव्वीस बोल्ट

मामाच्या शेडमध्ये तीन मेलेल्या विमानांचं मिळून एक विमान बनत होतं. धड एका फ्लाइंग क्लबच्या मागच्या आवारात कबुतरांच्या ताब्यात पडलेलं. इंजिन एका कॉलेजात पोरांना दाखवायला ठेवलेलं. आणि पंख शेतात उलटलेल्या विमानाचे. त्यातला पायलट वाचला, विमान नाही. दोन माणसं कशीबशी मावतील एवढुसं ते, पण आमची दीड वर्षं खाल्ली त्यानं.

आमची म्हणजे मामा, मी आणि घड्याळकाका. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलानं मोबाइलचं केलं, म्हणून ते इकडे येऊन बसले. मी नववीत शाळा सोडली. सोडली की सोडवली, यावर आईचं आणि माझं एकमत नाही. गणिताच्या सरांनी माझी वही भिरकावली, मी ती परत भिरकावली, एवढंच. मग एक पार्लर झालं, एक झेरॉक्सचं दुकान झालं. दोन्हीकडे महिनाभरही टिकले नाही. शेवटी आईनं मला भावाच्या दारात आणून उभं केलं.

"हिच्या नाकावर राग आहे," ती म्हणाली.

"नजर कशी आहे?" मामानं विचारलं.

मी म्हटलं, "तुझ्या शर्टाचं तिसरं बटण दुसऱ्याच शर्टाचं आहे."

मामानं मान खाली घालून बघितलं. "उद्या आठला ये."

शेडचा सगळा कारभार चिठ्ठ्यांवर. जुन्या विमानातून निघालेल्या प्रत्येक वस्तूला मामा चिठ्ठी बांधायचा. हिरवी म्हणजे चालेल, पिवळी म्हणजे दुरुस्त करू, लाल म्हणजे बाद. लाल चिठ्ठीवालं नुसतं फेकायचं नाही, करवतीनं त्याचे दोन तुकडे करायचे. ते काम माझं.

"भंगारवाला काय मूर्ख आहे, हे परत विमानाला लावायला?" मी एकदा विचारलं.

"हुशार आहे. घासूनपुसून नवं म्हणून विकेल."

एक दिवस मामानं पंखांच्या सहा बोल्टांना लाल चिठ्ठी बांधली. मी ते उजेडात धरून बघितले. गंज नाही, ओरखडा नाही.

"मामा, हे चांगले आहेत."

"विमान उलटलं तेव्हा सगळा मार यांनी खाल्लाय. काप."

"दिसत तर काहीच नाही."

"तुला दिसत नाही म्हणजे नाहीच का? शाळेतपण असाच वाद घालायचीस वाटतं."

शाळेचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. मामा जेवायला गेला तशी मी सहाच्या सहा चिठ्ठ्या तोडल्या आणि ते बोल्ट हिरवी चिठ्ठी लावलेल्या डब्यात ओतले. आत तसलेच वीस होते, आता सव्वीस झाले. कापलेले तुकडे तेव्हा मामा मोजायचा नाही. म्हटलं, बघू कोणाची नजर खरी ते.

दुसऱ्या दिवशी राग उतरला. पण सांगायला तोंड उघडेना. आज सांगू, उद्या सांगू करत पंधरा दिवस गेले आणि घड्याळकाकांनी त्याच डब्यातले आठ बोल्ट घेऊन पंख जोडले. बोल्ट आवळायचे पाने मीच हातात देत होते.

"परत चुकीचाच पाना दिलास गं?"

"भूक लागलीय."

उडायच्या दिवशी सकाळी विमान मैदानात उभं केलं. पहिल्या वेळी मामा एकटाच उडतो, हा त्याचा नियम. दुसरा नियम असा की, आत बसायच्या आधी तो काम केलेल्या प्रत्येकाला विमानावर हात ठेवायला लावतो आणि एकच प्रश्न विचारतो.

घड्याळकाकांनी पंखावर हात ठेवला.

"काही सांगायचं राहिलंय?"

"तुझ्या टोपीबद्दल आहे, पण ते नंतर."

मग मी हात ठेवला. पंख गार लागला. सांगितलं तर आजचं उडणं गेलं, मामा मला हाकलणार आणि आई चौथं दार शोधत फिरणार. नाही सांगितलं तर बहुतेक काहीच होणार नाही. पण त्या 'बहुतेक'वर माझं गाडं अडलं. मामा वर, आणि त्याच्याखाली माझा बहुतेक.

"राहिलंय," मी म्हटलं.

आणि सगळं ओकून टाकलं.

"कार्टे!" घड्याळकाका ओरडले. "माझ्या हातांनी बसवून घेतलेस गं ते!" हे मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. मामानं तर शिवी दिलीच नाही. त्यानं टोपी काढून सीटवर ठेवली.

"पंख उतरवा."

दुपारी सव्वीसही बोल्ट टेबलावर ओतले.

"नजर तीक्ष्ण ना तुझी?" मामा म्हणाला. "सहा काढून दाखव."

घड्याळकाकांनी डोळ्याला लावायचं त्यांचं भिंग माझ्याकडे सरकवलं. मी एकेक बोल्ट फिरवून फिरवून बघितला, सहा निवडले, त्यांच्या बुडाला पेन्सिलनं ठिपके दिले. मग सगळे मिसळून, ठिपके न बघता परत सहा निवडले. उलटे करून बघितले तर दोनच बोल्टांना ठिपके. तिसऱ्यांदा एकालाच.

"नाही कळत," मी म्हटलं. शाळेत मी हे कधीच म्हटलं नव्हतं. अगदी कळत नव्हतं तेव्हासुद्धा.

"मग?"

"सगळेच कापायचे."

"अरे, वीस चांगले आहेत त्यात!" घड्याळकाका कळवळले. "नवे यायला दोन महिने जातील."

"कुठले वीस?" मामानं विचारलं. काकांनी खुंटीवरची करवत काढून माझ्यापुढे ठेवली.

मी पहिला बोल्ट शिकंज्यात आवळला. चिवट होते मेले. करवतीची चार पाती मोडली, तळहाताला फोड आले. प्रत्येक तुकडा मी भिंगातून बघत होते. आतून सगळे सारखेच, चकचकीत.

"मामा, कदाचित सगळेच चांगले होते."

"असतील."

संध्याकाळी मी पिशवी खांद्याला अडकवून दारात उभी राहिले. "जाऊ मी?" म्हटलं. कायमचं जाऊ का, असं विचारायचं होतं, पण तेवढंच तोंडातून निघालं.

मामा तुकडे मोजत होता. "एक्कावन्नच आहेत."

मी पिशवी टाकली, टेबलाखाली पालथी पडले आणि कोपऱ्यात घरंगळलेला तुकडा ओढून काढला. मामानं तो ढिगात टाकला.

"बावन्न. जा आता," तो म्हणाला. "उद्या आठला ये."

"आणि माझं भिंग," घड्याळकाका माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुसून ठेव."