झोपाळ्यासमोरची वाट

मी काशाची वाटी बोलतेय. नाक मुरडायचं तर आत्ताच मुरडून घ्या. माझ्यात कधी खीर पडली नाही, पडलं ते माणसांचं मूत.

गोंडलच्या कासाराने घडवलं तेव्हा वाटलं होतं, ताटात मिरवीन. पण मला उचललं प्राणशंकर वैद्यांनी. रोग्याची सकाळची पहिली लघवी माझ्यात घ्यायची, वर तिळाच्या तेलाचा थेंब सोडायचा. थेंब पसरला तर माणूस वाचणार, बुडाला तर आशा सोडा. भलेभले शेठ माझ्यात डोकावताना घामाघूम व्हायचे.

वैद्यराज ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून सगळ्यांना एकच सांगत. "मलमूत्राचा वेग अडवू नका रे! निम्मे रोग तिथूनच येतात." दुकान सोडवत नाही म्हणून अडवून बसणाऱ्या वालजी शेठला तर त्यांनी चारचौघांत झाडलं होतं.

आणि परसाकडे जायची वाट त्याच झोपाळ्यासमोरून होती. वैद्यांची समजू नावाची धाकटी सून हातात लोटा घेऊन सासऱ्याच्या, परक्या पुरुषांच्या देखत जाणार कशी? पहाटे अंधारात जायची, ती थेट दिवेलागणीनंतर. मधे पाण्याचा घोटही घेत नसे.

"बा, सहन होत नाही हो," ती सासूला म्हणायची.

"आम्हीही असंच काढलं, पोरी. सवय होते," मोंघीबा म्हणायची.

कसली डोंबलाची सवय! आधी आग, मग कळा, मग ताप. लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा मोंघीबाने नाव न सांगता, नुसतं 'एका बाईची' म्हणत मला नवऱ्यापुढे ठेवलं.

थेंब पडला आणि बुडाला. मला हात असते तर मी तो वर उचलून धरला असता.

"ही बाई वर्षानुवर्षं अडवून बसलीय!" वैद्यराज कडाडले. "कुठल्या कसायाच्या घरची?"

"तुमच्याच," मोंघीबा म्हणाली.

वैद्यराज उठले. त्यांनी स्वतःच्या हातांनी झोपाळ्याच्या कड्या सोडवायला घेतल्या.

"आता काढताय?" मोंघीबा रडत म्हणाली. "आता तिला उठवतसुद्धा नाही."

होळीच्या आधीच समजू गेली.

त्यानंतर वैद्यराजांनी मला हात लावला नाही. मी परसात पडलेय, पाखरांच्या पाण्याला. चिमण्या भरदिवसा येतात, पोटभर पितात, तिथेच शिटतात. त्यांना कुणी लाज शिकवली नाही. तुमच्या घरात कुणी दिवसभर पाणी पीत नसेल, तर वैद्याकडे नंतर जा. आधी तिच्या वाटेत कोण बसलंय ते बघा.