सरदार पूल ओलांडतो

भाग २९

आई ऐकते, मी वाचते. पडद्यावर चिनी बोलतात, खाली इंग्रजी ओळी पळतात, मी त्या पकडून मराठीत तिच्या कानात टाकते. दोन वर्षांपूर्वी आईची नजर मधोमध पुसली गेली. कडेचं दिसतं, समोरचं नाही. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. जगाला नंबर लावून देते आणि घरात हे. दिव्याखालचा अंधार आमच्याकडेच मुक्कामाला.

मालिकेची गोष्ट अशी. ती देवलोकात घंटा ओतणारी. तो मेलेला सरदार, चारशे वर्षं तिची वाट बघतोय. त्याने हात लावला की तिच्या आठवणीतला एक दिवस पुसला जातो, म्हणून तो हात लावत नाही. फार तर बाहीला बाही लागते. लागली की आई हुंकार देते.

"चारशे वर्षांत हा जेवला कधी?"

"देव आहेत ते, आई."

"ती देव. हा भूत आहे. नीट वाच."

मला हे आवडतं, हे दुकानात सांगायची सोय नाही. पण आवडतं. तिथे कुणाला घाई नसते. एक वाक्य बोलायला तीन भाग घेतात, मधे पाकळ्या पडत राहतात.

माझ्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

भाग ३०

पाहिला. वाचूनही दाखवला. काय झालं ते आठवत नाही. फोन मांडीखाली ठेवला होता आणि त्यात निरोप होता: डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळातली जागा तुमची, पहिल्या तारखेला रुजू व्हा, होकार शुक्रवारपर्यंत. दुसरं शहर. आगगाडीने नऊ तास. वरच्या मजल्यावरची मावशी म्हणाली, मी बघेन तुझ्या आईचं. सगळं जमलंय.

एक वाक्य राहिलंय.

मधेच, दुकानात

डावी काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक चष्मा घालून निघालं ते थेट दारावर.

"ताई, लक्ष कुठाय? स्वर्गात?" मालक म्हणाले.

हो म्हणणार होते.

भाग ३१

जिन्यात मावशी. "सांगितलंस?"

"आज सांगते."

"काल पण आजच होतं."

आज घंटेला तडा गेला. आई म्हणाली, ओतताना हिचं मन थाऱ्यावर नव्हतं. मी उठले, खिडकी लावली. बसले. उठले, उघडली.

"अगं, बूड टेक की जरा!"

भाग ३२

पळवत पाहिला. आई रागावली. गुरुवार आला.

भाग ३३

पूल. धुकं. ती एका टोकाला, तो मधोमध. त्याने पाठ वळवली आणि खाली ओळ आली: मी निघतो. माझी वाट बघू नकोस.

मी वाचलं, "मी इथेच आहे. कुठे जात नाही."

आई हुंकारली नाही.

"थांबव. मागे घे."

मागे घेतलं. तो पुन्हा तेच बोलला. मीही पुन्हा तेच वाचलं.

"खोटं. हेच तो नवव्या भागात बोलला होता, तिच्या घंटांच्या कारखान्याच्या दारात. तेव्हा तू 'निघतो' वाचलंस."

"तुला चिनी कधीपासून यायला लागलं?"

"तेहतीस भाग काय कान मोडीत घातले होते? बाई गं, एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली मी. साहेब घरी नाहीत, हे साहेबच सांगायचे माझ्या कानात. त्याचं जाणं तू झाकलंस. म्हणजे जायचंय तुला."

मी चादरीचं टोक दुमडलं. उलगडलं. पडद्यावर सरदार एक पाय उचलून थिजलेला.

"कधी?"

"पहिल्या तारखेला."

"लांब?"

"नऊ तास. आई, मी सांगणारच होते..."

"मावशीला ठाऊक आहे?"

"हो."

"तिच्याकडे नंतर बघते."

मग तिने मान फिरवली, भिंतीकडे. परक्याला वाटलं असतं, रुसली. पण मला पाहायचं असलं की आईला माझ्यावरून नजर काढावी लागते. मी कडेला आले की दिसते. बराच वेळ ती भिंतीकडे बघत राहिली. मी हलले नाही. आठवड्यात पहिल्यांदाच.

"वाळलीस," ती म्हणाली. "किती भाग राहिले?"

"सात."

"फोनवरून वाचायचे. आणि लाईनवर खोटं वाचलंस तर कनेक्शनच तोडेन, सांगून ठेवते." तिने डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "लाव आता. त्याला नीट जाऊ दे. एका पायावर किती वेळ उभा राहील बिचारा?"

मी मागे घेतलं. धुकं. पूल.

"मी निघतो," मी वाचलं. "माझी वाट बघू नकोस."

पडद्यावर पाकळ्या पडत राहिल्या.

"बघेन," आई म्हणाली.