जहाजाची बोली

सकाळी हातावरच्या इष्टलिंगाची पूजा झाली की शिवलीला एकच मागायची, नौदलाला ते जहाज मिळू दे. पोटात रणगाडे आणि फौज घेऊन थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. तिचा नवरा मल्लिकार्जुन दिल्लीत त्याच्याच खरेदीच्या कामावर होता. "जहाजाचं पक्कं झालं की नोकरी सोडून कायमचा घरी, उमरग्याला येतो," असा त्याचा शब्द होता. त्या दिवसापासून तिनं व्रत म्हणून हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, तोंडाला लावली नव्हती.

मग एकदा फोनवर तो म्हणाला, "बोली आल्या." शिवलीला आडत्याची लेक. बाजारात बोली सुटली की सांजेला माल उचललाच जातो. तिनं सासरी, माहेरी, मठात, सगळीकडं सांगून टाकलं, जहाज ठरलं! तो फोनवर नुसता हसला होता. पुढं विचारलं की म्हणायचा, "कागद फिरतायत."

बसवजयंतीला तो सुट्टीवर आला. त्याचा जुना सहकारी अमरनाथ हैदराबादला जाता जाता जेवायला थांबला. सासूबाई शांताक्का आग्रह करत होत्या, "पोटाला विचारू नका, मला विचारा!"

अमरनाथ म्हणाला, "वहिनी, तुम्हीही घ्या की हुग्गी."

"जहाज आल्यावर," ती लाजली. "बोली तर कवाच लागलीय."

"कुठलं जहाज? अहो, ती निविदा सरकारनं मागं घेतली, त्यालाही वर्षं लोटली. यानं तर लगेच दिल्लीतच दुसऱ्या कामाचं टेबल मागून घेतलं..." मल्लिकार्जुनचा चेहरा पाहून तो थांबला.

शिवलीलानं पळी पातेल्यात ठेवली. "तुमाला ठावं होतं?"

"हो."

"आन् बोली आल्या म्हंजे जहाज ठरलंच, असं मी उलटं धरून बसले, हे बी?"

"तुझा आनंद मोडवेना गं."

"सुट्टीला आलात की माझ्याशेजारी बसून त्याच जहाजासाठी हात जोडत होता तुमी."

"सूनबाई, पाहुण्यासमोर..." शांताक्का कुजबुजल्या.

"पाहुण्यानंच खरं सांगितलं, अत्याबाई."

मल्लिकार्जुननं वाटीत हुग्गी घेऊन तिच्यापुढं केली. "सोड आता ते व्रत. नव्यानं मंजुरीचं चाललंय, यावेळी नक्की."

तिनं वाटी घेतली नाही. व्रत सोडायचं तर का सोडतेय, ते देवाला सांगावं लागतं.

"उद्या पूजेला तुमीच बसा," ती हळूच म्हणाली. "तुमीच सांगा त्याला. माझ्या तोंडून खोटं लई झालं."

आणि वळून तिनं अमरनाथच्या ताटात तूप वाढलं.