तिसऱ्या वळणावरचं शून्य

पिठाच्या डब्यावरचं झाकण.

पाच. चार. दोन. शून्य. शून्य.

गुडघ्याला बांधलेला पट्टा.

गळा हलतोय, आवाज नाही.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे. मी एक जुना लिहायचा पुठ्ठा आहे, वर लोखंडी चाप असलेला. तुम्ही परीक्षेला नेता आणि पॅड म्हणता ना, तोच. फक्त मी परीक्षेला कधी बसलो नाही. मी नदीकाठच्या पायवाटेवर पक्षी मोजले. आणि आधीच सांगतो, माझी कीव करायची नाही.

लाकडाचा भुसा गरम यंत्रात दाबून मला घडवलं. दाबून घ्यायची सवय जन्मापासूनची. दबून राहायची नाही.

टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला विकत घेतलं. त्यांची नणंद त्यांना वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. पक्षी घरटी करतात त्या दिवसांत वहिनी सहा वेळा पहाटे ती वाट चालायच्या. चापाखाली वाटेचा नकाशा. जिथे नर गाईल तिथे पेन्सिलीने गोल. एकाच झुडपातून तीन फेऱ्यांना गाणं आलं, की तिथे एक घर धरायचं. अशी बारा वर्षं. वहिनी इतकं दाबून लिहायच्या, की ते गोल कागदातून माझ्या अंगावर उमटलेत. ही मोजणी करवून घेणाऱ्या पक्षीमंडळातले लोक म्हणायचे, "वहिनींचा नकाशा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

तिसऱ्या वळणावरच्या झुडपांत वटवट्या राहायचा. अंगठ्याएवढा पक्षी, तारेसारखा बारीक आवाज. त्याची घरं पाच होती. मग चार, मग दोन, मग शून्य. पुन्हा शून्य.

नदी खात्याच्या साहेबांना ती झुडपं काढून बाकडी टाकायची होती. दोन वर्षं शून्य आलं आणि त्यांना मंजुरी मिळाली. येता हंगाम संपला की कुऱ्हाड.

त्याच हंगामात वहिनींचा गुडघा दुखावला, म्हणून दुसऱ्या फेरीपासून नणंदबाई सोबत आल्या. त्यांना पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिसऱ्या वळणावर त्या थबकल्या.

"वहिनी, तुमच्या ह्या पुठ्ठ्याचा चाप किरकिरतोय का हो?"

मी गप्प होतो. शप्पथ.

"काही किरकिरत नाही. चला वन्सं, पाय उचला."

"अहो, कान किटले माझे! त्या झुडपातून येतंय."

वहिनींनी दुर्बीण लावली. फांदीच्या टोकाला वटवट्या बसला होता. चोच उघडी, गळा थरथरतोय. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग मला छातीशी धरून दगडावर टेकल्या.

"वन्सं, तो गातोय. आणि मला ऐकू येत नाहीये."

"थट्टा करताय."

"बाकी सगळं येतं. तुमची बडबडसुद्धा. एवढं बारीक तेवढंच गेलं."

पुढच्या फेऱ्यांना नणंदबाई बोट दाखवायच्या, वहिनी गोल काढायच्या. चार घरं भरली.

"यंदा परत आले म्हणून सांगा," नणंदबाई म्हणाल्या. "कोण विचारतंय?"

"परत आले म्हटलं की साहेब म्हणतील, पाहुणे आहेत, जातील. ते गेलेच नव्हते, वन्सं."

कचेरीत साहेबांनी नकाशे उलटेपालटे केले. "बाई, मंजुरी मागच्या दोन शून्यांवर मिळालीय."

"ती शून्यं खोटी आहेत. पक्षी होते. माझे कान नव्हते."

"मग आधीचं तरी खरं कशावरून? बारा वर्षांच्या कामावर बोळा फिरवताय तुम्ही. घरी कोणाशी बोललात का?"

"घरच बरोबर आणलंय त्यांनी," नणंदबाई म्हणाल्या.

वहिनींनी माझा चाप उघडला. "फिरवते बोळा. माझ्या हाताने फिरवते. पण झुडपांवर फिरवू देणार नाही. कागद द्या."

माझ्यावर ठेवूनच त्यांनी लिहिलं: माझी यंदाच्या आधीच्या चार वर्षांची मोजणी बाद धरावी. खाली सही. माझ्या अंगावर सगळ्यात खोल उमटलेली ओळ तीच.

मंजुरी रद्द झाली. पक्षीमंडळाने मोजणीच्या यादीतून वहिनींचं नाव काढलं आणि नणंदबाईंचं घातलं. नोंदी फोनवर करायच्या असंही ठरलं. मी पिठाच्या डब्यावर जाऊन बसलो. झाकण! ज्याच्या अंगावर बारा वर्षांची गाणी कोरलीत, तो झाकण! फोन पहिल्याच फेरीला नदीत पडला. मी हसलो, कबूल करतो. नणंदबाईंनी माझ्यावरचं पीठ झटकलं आणि मला वहिनींच्या हातात दिलं.

आता एक ऐकते, दुसरी लिहिते. यादीत नाव कोणाचंही असो.

मित्रांनो, माझे कोपरे फुगलेत, चाप गंजलाय. मला शोभेला मांडू नका, कामाला लावा. आणि घरातल्या मोठ्यांचं काही चुकलं, तर त्यांच्या हातची पेन्सिल काढून घेऊ नका. आपला कान उसना द्या.

तिसऱ्या वळणावरची झुडपं कोणी लावलेली नव्हती. एका मोठ्या पुरानंतर ती आपसूक उगवली, मी घडलो त्याच्याही आधी.