मानेवरचा गुंता

गॅसवर जवस उकळत होता आणि बाजीराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून नाकानंच त्याची चौकशी करत होते.

"काय शिजवायलीस गं, मित्रा?"

"काही नाही, बाबा. जवस आहे."

"ते दिसायलंय. चटणीसाठी लातूरहून मागवलेला जवस हाय तो. तुमच्या कोकणात त्याची खीर करतेत व्हय?"

संघमित्रानं गॅस बारीक केला. पातेल्यातल्या पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटू लागली होती. खोटं सांगावं तर सासरे चमचा घालून चव घेणार. म्हणून तिनं खरंच सांगितलं, "क्षिप्राच्या केसांना लावायचंय. याची जेल होते. मग गुंता होत नाही."

"खायची वस्तू डोक्याला फासायची, अन् वर म्हणायचं शिकलेली मानसं." ते हसत होते, पण 'गुंता' हा शब्द कानात शिरायला जरा उशीर झाला असावा, कारण चेहरा मागाहून उतरला. "हे बघ पोरी. मेची सुटी लागंपतुर मी गप बसतो म्हनलंय, बसतो. पर एक गुंता दिसू दे मला. धर्मराजला सांगूनच ठिवलंय."

धर्मराज म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक. क्षिप्राचं डोकं त्यानं आजवर दोनदा भादरलं होतं, एकदा वर्षाची असताना आणि एकदा तिसऱ्या वर्षी. दोन्ही वेळा बाजीरावच तिला कडेवर घेऊन गेले होते, 'आता सरळ येतील बघ' म्हणत. आणि दोन्ही वेळा केस आधीपेक्षा जास्त हट्टानं परत आले होते.

ते नुसते कुरळे नव्हते. कुरळे केस निदान खाली तरी उतरतात. क्षिप्राचे डोक्यातून सरळ वर निघायचे आणि बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखे स्वतःभोवती फिरत तिथल्या तिथं थांबायचे. बट ओढून धरली तर पाठीच्या मध्यापर्यंत, सोडली की टुणकन कानाशी. कामोठ्यातल्या त्यांच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटणारी प्रत्येक बाई विचारायची, "अगोबाई, ही कोणावर गेली?" अभय आपल्या विरळ डोक्यावरून हात फिरवत म्हणायचा, "माझ्यावर तर नाही, गॅरंटी देतो." आणि संघमित्रा आपले सुळसुळीत सरळ केस कानामागे सारून नुसतं हसायची.

ती सव्वाआठला घर सोडून बेलापूरच्या ऑफिसला जायची, अभय त्याही आधी. त्यामुळे क्षिप्राची वेणी बाजीरावांकडे होती. तुर्भ्याच्या कंपनीत छत्तीस वर्षं पत्रा कापलेले ते हात. बारीक दातांची फणी घेऊन ते कोरड्याच केसांना मुळापासून भिडायचे आणि इतकी घट्ट वेणी घालायचे की पोरीच्या भुवया वर चढायच्या. तिची किंकाळी जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायची. सगळ्या दुनियेला मऊ असलेला हा माणूस या एका कामात असा का होतो, हे संघमित्राला कळायचं नाही. मग तिनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं, बाबांना लाज वाटते. चार लोकांत नातीचं डोकं बरं दिसत नाही, म्हणून.

मार्चमध्ये तिसऱ्या टकलाचा विषय निघाला तेव्हा क्षिप्रा पलंगाखाली जाऊन बसली. सहा वर्षांची पोर, तिला आता आरसा कळत होता. "मम्मी, मला टकली नाही व्हायचं. प्रॉमिस कर."

संघमित्रानं पलंगाखाली हात घालून प्रॉमिस केलं आणि बाबांकडून मेच्या सुटीपर्यंतची मुदत मागून घेतली. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. आधीच तिचा स्वभाव असा की पोर शिंकली तरी थर्मामीटर काढायची. आता ती मोबाइलवर तासन्‌तास केसांचे व्हिडिओ बघू लागली. फणी गेली, मोठ्या दातांचा कंगवा आला. कोरड्या केसांना हात नाही, ओल्याच केसांत आधी टोकं सोडवायची, मग हळूहळू वर. टॉवेल बंद, अभयचा जुना टी-शर्ट सुरू. झोपताना सॅटिनची टोपी. आणि ही जवसाची जेल, जी तिनं जुन्या ओढणीतून गाळताना अर्धी ओट्यावर सांडली.

पण रविवारी पहिल्यांदा ती लावून केस वाळले तेव्हा तीच बघत राहिली. एकेक बट सुटी, चमकदार. सगळं डोकं कसं, बहरलेलं!

क्षिप्रा आरशासमोर मान हलवून हलवून दमली. मग म्हणाली, "मम्मी, तुझे सरळ. पप्पांचे नाहीतच. मग माझे कुणाचे?"

"तुझेच," संघमित्रा घाईनं म्हणाली, आणि विषय बदलला.

महिना बरा गेला. ती रोज सकाळ-संध्याकाळ पोरीची मान तपासायची. मानेवरचे केस सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत आधी अडकणारे. बाजीरावही तपासायचे, चष्मा लावून. एकाच मानेवर दोन पहारेकरी, आणि दोघं एकमेकांशी त्याबद्दल बोलत नव्हते.

सुटीला चार दिवस उरले असताना माशी शिंकली. शुक्रवारी शेजारच्या सुनयनाकडे पोरांनी पाण्याचे फुगे फोडले, क्षिप्रा भिजली आणि तशीच त्यांच्या सोफ्यावर झोपून गेली. शनिवारी सकाळी संघमित्राच्या बोटांना मानेवर काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं, घट्ट, लोकरीच्या नमद्यासारखं दाबून बसलेलं.

बाजीराव त्या वेळी घरात नव्हते, ते नशीब. त्यांची थोरली बहीण गोजराआत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी येणार होती आणि तिला बसमधून उतरवून घ्यायला ते कळंबोलीला गेले होते. संघमित्रानं गाठीवर वरचे केस ओढून घेतले, रबर लावलं आणि क्षिप्राला म्हणाली, "मानेला हात लावायचा नाही. कुणाला लावूही द्यायचा नाही. दुपारी आपण दोघी बाथरूममध्ये जाऊन काढू."

"आजोबांना सांगायचं नाही?"

"नाही."

गोजराआत्या आल्या. वय सत्त्याहत्तर, लहानखुऱ्या, पांढरे केस टाळूलगत कापलेले, बोटभरसुद्धा नाहीत. संघमित्रानं त्यांना लग्नात एकदाच पाहिलं होतं, तेही डोक्यावर पदर घेतलेलं. दोन्ही डोळ्यांवर साय धरलेली, त्यामुळे त्या माणसं हातांनी ओळखत होत्या. चहा झाला, तशी त्यांनी हाक मारली, "कुठाय गं बाज्याची नात? ये, दिस मला."

क्षिप्रा पुढं झाली. संघमित्राला काही सुचायच्या आत आत्यांचे हात गालांवरून कानांवर, कानांवरून केसांत गेले. तिथं ते थबकले. मग हळूहळू, जुन्या ओळखीच्या वाटेनं जावं तसे मागे मानेकडे उतरले आणि नेमके त्या गाठीवर थांबले.

"बाज्या," आत्या म्हणाल्या. "ही बघितलीस का?"

बाजीराव उठले. रबर काढून त्यांनी पाहिलं, आणि खिशातून फोन काढला. बटण दोनदा चुकलं. "धर्मराज? उद्या सकाळी घरी ये. मशीन घिऊन."

क्षिप्रानं भोकाड पसरलं. आणि इतके दिवस संघमित्रानं गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"नाही करायचं, बाबा! दोनदा गप्प बसले मी. एवढी लाज वाटते का तुम्हाला तिची? लोक काय म्हणतील म्हणून लेकराला टकलं करून फिरवायचं?"

"लाज?" बाजीराव तिच्याकडे बघतच राहिले. "मला?" ते परत खुर्चीत बसले.

"त्याला कशाची लाज गं," आत्या शांतपणे म्हणाल्या. "भेलाय तो. माझे केस असेच हुते."

त्यांनी क्षिप्राला मांडीशी ओढून घेतलं आणि बोलता बोलता तिला थोपटत राहिल्या. "धा वर्साची आसन मी. ताप आला, महिनाभर आंथरुनात. उठले तर मानंवर अशीच गाठ. आजी म्हनली, देवी आली, जट हाय ही. हिला फनी लावायची न्हाई. मग गाठीला गाठ धरत गेली. घरात धम्म आला, भिंतीवर बाबासाहेब आले, पर म्हातारीच्या मनातली देवी काय हालली न्हाई. मानूस कापंल पर जट कापनार न्हाई, असं गाव. कोन लगीन करतंय? निजताना जटंला येगळी उशी लागायची. मान आजूनबी वाकडी हाय बघ."

"मग?" क्षिप्रा रडणं विसरली होती.

"मग ह्यो तुजा आजा. कंपनीतली पत्रा कापायची कात्री घिऊन गावाला आला. तुजा बाप पाळन्यात हुता तवा. गाव दारात जमलं, शिव्या दिल्या, दगडं मारली. ह्यानं कापली. बेचाळीस वर्साची हुते मी. तवापासून बोटभर झाले की भादरते. न जानो."

बाजीराव जमिनीकडे बघत होते. "मला कळायला लागल्यापासून अक्काला तशीच बघितली," ते म्हणाले. "हे लेकरू जन्मलं, केस वाळले, अन् मला अक्काची मान दिसाय लागली. आमच्याकडूनच आलंय हे. अक्काचंच आलंय."

सहा वर्षं तिनं ज्याला लाज म्हटलं होतं, ती या माणसात नव्हतीच. होती ती दुसरीकडेच.

"तुमच्याकडून नाही आलेलं, बाबा," ती म्हणाली. "माझे आहेत."

"तुझे? तुझे तर..."

"पार्लरमधले आहेत हे. बारावीपासून. दर आठ महिन्यांनी करते." ती आत्यांसमोर खाली बसली आणि त्यांचा हात उचलून आपल्या भांगावर ठेवला. या महिन्याच्या धावपळीत तिची पार्लरची तारीख हुकली होती. "मुळाशी बघा."

आत्यांची बोटं फिरली. "आगं व्हय की! वळायलेत. बाज्या, ही तर आपल्याहून वरचढ हाय!"

"अभयला म्हाईत हाय का?" बाजीरावांनी विचारलं.

"नाही. लग्नाआधी सांगायचं राहिलं, मग रोज राहतच गेलं. सानपाड्याच्या शाळेत मला मुलं ब्रश म्हणायची, बाबा. पण आई रोज तेल लावून विंचरायची. गुंता व्हायचा, ती सोडवायची. बारा वर्षं. त्याची कधी जट झाली नाही. गाठच असते ती. सुटते."

मग आत्या म्हणाल्या, "दाव. कशी सुटती, दाव."

संघमित्रानं खोबरेल आणलं, कोमट केलं. क्षिप्राला आत्यांच्या पुढ्यात पाटावर बसवलं, गाठ तेलानं भिजवली आणि टोकाकडचे दोन-चार केस बोटांनी सुटे केले. आत्या म्हणाल्या, "सरक. मी करते."

"दिसेल का तुम्हाला?"

"डोळ्यांचं काम हाय व्हय हे?"

आणि खरंच नव्हतं. त्या म्हाताऱ्या बोटांनी एकेक केस वेचला. घाई नाही, ओढ नाही. क्षिप्राला एकदाही दुखलं नाही. ती मधेच पेंगली, मधेच बिस्किट मागून घेतलं. बाजीराव आधी खुर्चीच्या कडेला, मग पाटाशेजारी जमिनीवर, शेवटी तेलाची वाटी धरून बसले होते. अर्धा तासही झाला नसेल. आत्यांनी बट धरून बोटांतून खाली ओढली. ती पूर्ण उतरली, कुठंच न अडकता, आणि सोडल्यावर टुणकन वर गेली.

आत्यांनी पुन्हा एकदा ओढून बघितली.

"सुटली," त्या म्हणाल्या. मग भावाकडे वळून, "येवडंच असतंय व्हय, बाज्या? वाटीभर तेल अन् घटकाभर येळ?"

बाजीरावांनी वाटी खाली ठेवली आणि बहिणीचे तेलकट हात आपल्या हातांत घेतले. क्षिप्रानं मागे वळून त्या टाळूलगतच्या पांढऱ्या केसांवर हात फिरवला. "आजी, तुम्ही पण वाढवा ना. मम्मी जेल करते. घाण दिसते, पण मस्त असते."

"बघू की," आत्या म्हणाल्या. "आधी डोळे व्हऊ देत. आरसा तर दिसाय पायजे."

रविवारी धर्मराज मशीन घेऊन आला तेव्हा बाजीरावांनी त्याला चहा पाजला आणि आपलीच मान पुढं केली. अभयला संध्याकाळी सगळं सांगितलं गेलं. तो बायकोच्या भांगावर वाकून बघत म्हणाला, "म्हणजे लिफ्टमध्ये एवढी वर्षं मी उगाच गॅरंटी देत होतो."

सोमवारी सव्वाआठला संघमित्रा पर्स खांद्याला लावून दारात घुटमळली. आत बाजीराव पाण्याच्या फवाऱ्याची बाटली आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन नातीच्या मागे बसले होते. काल त्यांनी तिच्याकडून दोनदा शिकून घेतलं होतं, तरी भांग कानाकडे वळला होता. जेलही जास्त झाली होती. तिचा हात आपोआप पुढं गेला.

"जा की गं कामाला," आत्या पलंगावरून म्हणाल्या. त्यांना हे कसं दिसलं कुणास ठाऊक.

ती निघाली. लिफ्ट सोडून जिन्यानं उतरली, कान वरच ठेवून. दुसऱ्या मजल्यावर पोचली तशी क्षिप्राची किंकाळी आलीच. संघमित्रा जागच्या जागी थबकली.

"आजोबाऽऽ! किती हळू करताय! माझी बस जाईल ना!"

"जाऊ दे गेली तर," बाजीराव म्हणत होते. "रिक्षानं सोडतो. गप बस, हालू नको. हे टोक ऱ्हायलंय."