एक मिनिट पन्नास सेकंद

देऊळ समितीच्या लियाओ अध्यक्षांनी चहाचे पेले बाजूला सारले आणि आपला फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. पडद्यावर बाहुल्यांचा खेळ थिजलेला होता. बाहुलीचा एक हात हवेत, आणि तिच्या तोंडावरून आडवी गेलेली करडी पट्टी: या चित्रफितीतला आवाज दुसऱ्या कंपनीच्या मालकीचा असल्यामुळे ती बंद केली आहे.

"मोठ्यानं वाचा, मास्तर," अध्यक्ष म्हणाले. "चष्मा देऊ का?"

बाहुल्या नाचवणाऱ्या बेंगतिक मास्तरांनी फोनकडे पाहिलंही नाही. पंचाहत्तरी उलटली होती, पण पाठ अजून ताठ होती.

अध्यक्षच पुढं बोलले, "कंपनी म्हणते, ही आमची टेप आहे. म्हणजे मात्सूदेवीच्या वाढदिवसाला तुम्ही तिच्यापुढं शिळं वाढलंत."

"आवाज माझाच आहे. तीस वर्षांपूर्वी कॅसेटी काढल्या, विकल्या. कंपनीनं कॅसेट घेतली, गळा नाही घेतला."

तैवानातल्या हुवेई गावाच्या आसपासची सगळी मंडळी आता टेप लावूनच खेळ करत. पुढ्यात प्रेक्षक नसतातच, देवी ऐकते, आणि देवी तक्रार करत नाही. या एका देवळाचा मात्र हट्ट होता की आवाज जिवंत गळ्यातूनच निघाला पाहिजे. म्हणून सव्वीस वर्षं इथला मांडव मास्तरांचा होता. तो पुढं राहणार की नाही, ते आज ठरायचं होतं.

"आणि हे सगळं हिच्यामुळं," मास्तरांनी हनुवटीनं पेइरूकडे खूण केली. "हिची फुकट्यांची टोळी. सगळ्यांचं सगळं, म्हणे. मी काय चौकातला नळ आहे, कुणीही यावं आणि बादली भरून न्यावी?"

पेइरूचे कान तापले. ती ध्वनिशास्त्र शिकली होती. तीन मित्रांबरोबर ती जिल्ह्यातले खेळ, गाणी, वाद्यं टिपून इंटरनेटवर ठेवायची. ज्याला हवं त्यानं बघावं, उतरवून घ्यावं, पुढं द्यावं. मास्तरांचा खेळही तिनंच चढवला होता.

"इंटरनेटवर चोरी पकडणारं यंत्र फक्त साम्य शोधतं," ती म्हणाली. "मास्तर तीस वर्षं तीच वाक्यं त्याच लयीत म्हणतात, म्हणून त्याला ती टेप वाटली. मी मोजून आणलंय."

तिनं लॅपटॉप फिरवला. वर जुन्या कॅसेटमधल्या आवाजाची लाट, खाली यंदाच्या खेळाची.

"टेप असती तर दोन्ही तंतोतंत जुळल्या असत्या. इथं बघा, मास्तर अर्धा सेकंद मागं आहेत. इथं पुढं गेलेत. इथं खोकलेत."

"खोकलेलं तेवढं बरं सापडलं," मास्तर पुटपुटले.

समितीतल्या आकीम काकू हसल्या. "खरंच की हो. टेप कशी खोकेल?"

अध्यक्षांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली.

खेळ पाऊण तासाचा होता. पेइरूनं आणला होता तो पहिला अर्धा तास. बत्तिसाव्या मिनिटाला दोन्ही लाटा एकमेकींपाशी आल्या होत्या आणि एक मिनिट पन्नास सेकंद केसभरही सरकल्या नव्हत्या. श्वाससुद्धा त्याच जागी. काल संध्याकाळी तिनं ते तीनदा मोजलं होतं. मित्रांना सांगितलं नव्हतं. आज सकाळी आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक आलेख मध्येच तोडला होता.

"आता ते नदीवरचं लाव ग," आकीम काकू म्हणाल्या. "आई लेकराला नावाड्याच्या हाती देते ते. मला दरवर्षी रडू येतं."

पेइरूचं बोट कळीवर तसंच राहिलं.

"ते आणलं नाही."

"का?" अध्यक्ष पुढं वाकले. "तुमच्यात सगळं उघडं असतं ना? मग हे अर्धंच कसं?"

तिनं लॅपटॉप अर्धा मिटला. मास्तरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि रिकामा उजवा हात वर धरला. तर्जनी म्हणजे डोकं, अंगठा आणि मधलं बोट म्हणजे दोन हात. तर्जनी किंचित झुकली आणि आई बोलू लागली.

पहिली ओळ चढली. स्वच्छ, कोवळी. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. मास्तरांनी तो खालून धरायचा प्रयत्न केला, तिथंही घोगरा निघाला. 'बाळा' म्हणताना नुसती हवा आली. पण त्यांनी सोडलं नाही. खेळातली विशीतली आई काठावर उभ्या उभ्या म्हातारी झाली, आणि तरी लेकरू देत राहिली. तर्जनी थरथरत होती. ती आईची थरथर होती की मास्तरांची, कळायला मार्ग नव्हता.

संपलं तेव्हा कुणी रडलं नाही. आकीम काकू पेल्यात बघत होत्या.

"त्या दिवशी असं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

"नव्हतं. त्या दिवशी टेप होती. चार वर्षं झाली, तेवढ्या तुकड्याला टेप असते," मास्तर म्हणाले.

अध्यक्षांनी फोन उचलून खिशात टाकला.

"पुढच्या वर्षी दुसरी मंडळी बघू," ते म्हणाले. "चहा घेऊन जा."

बाहेर अंगणात ऊन होतं. मास्तर स्कूटरपाशी उभे राहून हेल्मेट चढवत होते. पेइरू मागोमाग आली.

"कधी कळलं तुला?"

"काल."

"आणि तोडून आणलंस. मला वाचवायला? तुला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी पट्टा ओढला. "मोजणाऱ्यानं असं करू नये."

तिनं पिशवीतून रेकॉर्डर काढला. ती म्हणाली, "मास्तर, आत माझा माईक चालू होता. आम्ही बैठकासुद्धा टिपतो. तुमचं सगळं आलंय त्यात. म्हणत असाल तर आत्ता पुसते."

मास्तरांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"ठेवलंस इंटरनेटवर, तर ती कंपनी पुन्हा बंद करील?"

पेइरूनं मनातल्या मनात दोन्ही लाटा एकमेकींवर ठेवून पाहिल्या.

"पहिली ओळ जुळेल कदाचित," ती म्हणाली. "पुढचं कशाशीच जुळणार नाही."

"मग पहिली ओळ काढून टाक," मास्तर म्हणाले आणि त्यांनी स्कूटर सुरू केली.