घशात अडकलेले पत्र

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे, अस्वलाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पाहणाऱ्याला ते सांगावेच लागते. मला आलेल्या एका पत्राला मी तीन दिवस उत्तर दिले नाही. त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी आठवण झाली की माझ्या कागदी घशात अजून खवखवते.

माझा जन्म वाचनालयातल्या एका बादलीत झाला. आमचे वाचनालय शेवटच्या गल्लीत, त्यापलीकडे जंगल. उन्हाळ्यात अस्वले खाली उतरत आणि कचऱ्याचे डबे उलथेपालथे करत. अशा वेळी कसे वागावे हे मुलांना शिकवायला कुणीतरी हवे होते, आणि ते काम ग्रंथपालांच्या गळ्यात पडले. हे ग्रंथपाल म्हणजे वाटेत मांजर आले तर त्यालाही ‘आधी तुम्ही’ म्हणणारे गृहस्थ. त्यांनी मुलांकडून फाटक्या पुस्तकांची पाने भिजवून घेतली, लगदा केला आणि मोठ्या फुग्यावर थापला. म्हणून माझ्या डाव्या गालात व्याकरण आहे आणि उजव्या गालात कोंबड्या पाळण्याची माहिती. ग्रंथपालांची थोरली बहीण शिवणकाम करी. तिने काळा स्वेटर उसवून मला केस दिले, टेबलाच्या खणाची मूठ नाक म्हणून बसवली आणि दोन पावले मागे सरकून मला न्याहाळले.

“अस्वल होय? मला वाटलं, बटाट्याला कोंब आले.”

“ताई, निदान मुलांसमोर तरी...”

“बरं बाबा, अस्वल. तू म्हणतोस म्हणून.”

तेव्हापासून स्वतःबद्दलची शंका माझ्या लगद्यातच मुरली आहे.

दर रविवारी आमचा खेळ असे. फरशीवर खडूने रस्ता काढायचा, रस्त्याच्या टोकाला घर. एक मूल रस्त्याने चाले आणि ग्रंथपाल मला डोक्यावर चढवून कपाटामागून येत. मुलाने पळायचे नाही, ओरडायचे नाही, पाठ फिरवायची नाही. माझ्याकडे तोंड ठेवून, आकडे मोजत, हळूहळू मागे सरकत घर गाठायचे आणि दार लावून घ्यायचे. इथवर सगळे उत्तम होते. पण पहिल्याच रविवारी एक मुलगा रडला आणि ग्रंथपालांचा जीव कासावीस झाला. आपण फारच भयंकर झालो की काय? मग त्यांनी खेळाला एक गोड शेपूट जोडले. शेवटी सगळ्या मुलांनी बाहेर यायचे आणि अस्वलाला एकेक बिस्किट भरवायचे. टाळ्यांचा नुसता कडकडाट! ही चूक आहे असे मला एकदाही वाटले नाही. खरे सांगायचे तर मी पुढच्या रविवारकडे डोळे लावून बसे. कौतुक कुणाला नको असते?

एरवी मी दाराशेजारच्या खुंटीवर असे. मुले आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून माझ्या तोंडात टाकत. शुक्रवारी ग्रंथपाल बोटे घालून चिठ्ठ्या काढत आणि प्रत्येकीला उत्तर लिहीत. दोनदा खोडून, तिसऱ्यांदा.

एका उन्हाळ्यात माझी जीभ सुटली. ताईने ती शिवली, पण टाका जरा सैल राहिला. बुधवारी आलेली एक चिठ्ठी नेमकी त्यात अडकली. ती होती शेवटच्या घरातल्या खारूताईची. खिशात सदैव खाऊ साठवलेला असे, म्हणून तिला हे नाव पडले होते. शुक्रवारी ग्रंथपालांची बोटे चिठ्ठीला चाटून गेली आणि रिकामी परतली. मी तोंडात पत्र धरून गप्प. दुसरे काय करणार?

शनिवारी संध्याकाळी ताईने माझ्या आत नवा स्पंज बसवला, कारण मी डोक्यावर डुगडुगत असे. ग्रंथपालांनी मला दाबून बसवले, तशी चिठ्ठी सुटून त्यांच्या नाकावर आली. डोळ्यांच्या भोकांतून येणाऱ्या उजेडात त्यांनी ती वाचली.

‘प्रिय अस्वलकाका, आमच्या परसात रोज दिवे लागताना तुमचे भाऊ येतात. ते डब्यातलं सडकं खातात. मी त्यांच्यासाठी सतरा बिस्किटं साठवली आहेत. हातानेच भरवू ना? शनिवारी दिवे लागेपर्यंत उत्तर आलं नाही, तर हो समजेन.’

“ताई! हे काढ! आधी हे काढ!”

ताईने ओढले. मी निघेना. नवा स्पंज त्यांच्या चष्म्याला घट्ट धरून बसला होता.

“चष्मा मोडेल रे!”

“मोडू दे! तिची आई दवाखान्यात कामावर, घरात आजोबा, तेही कानाने अधू. आणि बिस्किटं मी शिकवली, ताई. मीच.”

“मग रडतोस काय? उत्तर घे आणि जा. माझे गुडघे धड असते तर तुला विचारलंही नसतं.”

ते मला घालूनच लिहायला बसले. एक कागद खोडला. दुसरा खोडला.

“नुसतं ‘नको’ लिहिलं तर तिला वाईट वाटेल का गं?”

“अरे, ते अस्वल काय तुझं शुद्धलेखन तपासून येणार आहे? लिही आणि पळ!”

ते पळाले. अंगात काळा कोट, डोक्यावर मी, हातात पत्र. गल्लीतली कुत्री आमच्या मागे लागली आणि माझे नाक बघून परत फिरली. शेवटच्या घराच्या परसात खारूताई बिस्किटांचा डबा छातीशी धरून कचऱ्याकडे निघाली होती. ग्रंथपालांनी हाक मारली, पण धापा आणि स्पंज यांतून जे बाहेर पडले ते ‘हूंऽऽफ’ होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी खऱ्या अस्वलासारखा वाटलो असेन.

ती थबकली. तिचे डोळे केवढे झाले! बिस्किट काढायला हात डब्याकडे गेला, आणि तिथेच राहिला.

“एक,” ती पुटपुटली आणि एक पाऊल मागे सरकली. “दोन. तीन.”

पळाली नाही. पाठ फिरवली नाही. नऊला उंबरा आला, दहाला दार लागले. आत कडी वाजली. ग्रंथपाल तिथेच मटकन खाली बसले. माझ्या आत पाऊस पडल्यासारखे झाले, आणि लगद्याला पाणी सोसत नाही, तरी ते सगळे मी टिपून घेतले.

मित्रांनो, आता आमच्या खेळात बिस्किटे नाहीत. शेवटी मुले डब्यांची झाकणे घट्ट लावतात आणि मी उपाशी परत जातो. कुणी रडले तर रडू देतात, मग जवळ घेतात. माझे तुम्हाला इतकेच मागणे आहे. जंगलातल्या माझ्या भावंडांवर लांबूनच माया करा. तुमच्या हातचा एक घास त्यांना माणसांच्या दारात आणतो, आणि पुढचे दोघांनाही भोगावे लागते. आणि मोठ्यांनो, मूल काही विचारत असेल तर उत्तर सुबक होण्याची वाट पाहू नका.

त्या संध्याकाळी दारामागून बारीक आवाज आला.

“अस्वलकाका, तुम्ही खरे असाल तर जा. खोटे असाल तर पत्र दाराखालून टाका.”

ग्रंथपालांनी कागद उलगडून पुन्हा एकदा पाहिला. ‘नको. मी रागावणार नाही. बिस्किटं तू खा.’ खिशातली पेन्सिल काढावी असे त्यांना क्षणभर वाटले, हात गेलाही. मग त्यांनी कागद तसाच फटीतून सरकवला, आणि आतून तो सर्रकन ओढला गेला.